पानाची उजवी बाजू

काका कधीच माझ्याकडे बघून बोलले नाहीत. माझ्या उजव्या कानाच्या वर, खांद्यामागं कुठंतरी त्यांची नजर लागलेली असायची, आणि ती इतकी ठाम की समोरच्याची मान आपोआप मागं वळायची. माझ्या दुकानात लग्नपत्रिका करायला आलेल्या कितीतरी बायका अशा वळून बघायच्या. मागं नुसतं कागदाच्या रिमांचं कपाट. एक बाई तर पत्रिकेचा मसुदा टेबलावर तसाच टाकून गेली आणि पत्रिका तिनं पलीकडच्या गल्लीतून छापून घेतली. मी चिडले की काका म्हणायचे, "मी तुमच्याकडंच बघतोय ताई. सरळ बघितलं तर तुम्ही गायब होता."

ते खरं होतं. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. कडेचं दिसायचं, मधोमध भोक. चेहरा बघायचा तर कानाकडे बघायचं, आणि बसचा नंबर बघायचा तर शेजारच्या खांबाकडे, अशी त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी हे सगळं मला एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं सांगून टाकलं, वर "रिपेअर न्हाई" असंही सांगितलं.

माणूस मूळचा नगरकडचा, मराठी ख्रिस्ती घरातला. तरुणपणी इकडं आला आणि आधी भोसरीत, मग चाकणला, कंपनीत आयुष्यभर इन्स्पेक्शनला. बनवून आलेला पार्ट मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढंच काम. पण या कामानं माणसाच्या हाडात काय मुरतं ते मी काकांकडे बघून शिकले. त्यांना चहा दिला तर कपाच्या कडेवरून बोट फिरवून टवका आहे का बघायचे. दर रविवारी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी उभं राहून शास्त्र वाचायचं कामही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं.

पिंपरीच्या बाजारगल्लीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात ते आले तेव्हा काखेत काळं जाडजूड बायबल होतं, त्यांच्या भाषेत शास्त्र. त्याच्या रेशमी फितीला त्यांनी कंपनीतला लाल टॅग बांधला होता. लाल टॅग म्हणजे रिजेक्ट.

"याच्याबद्दल माझी तक्रार हाय," ते म्हणाले.

मी लातूरकडची, घरी खंडोबा. दुसऱ्याच्या देवाच्या पुस्तकाबद्दलची तक्रार आपण कशी घ्यायची?

"मजकुराची न्हाई हो," ते माझ्या कपाटाला म्हणाले. "मांडणीची. दोन कॉलम, मधी करंगळीएवढी गल्ली, अन् त्या गल्लीतसुदिक बारीक संदर्भ कोंबलेत. ओळ संपली हे कळायच्या आत नजर पलीकडं. डावीकडनं निघालेला माणूस उजवीकडं दुसऱ्याच्याच घरात शिरतो. वचनांचे आकडे शब्दांच्या डोक्यावर बसवलेत, मला ते अनुस्वार वाटतात. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. मागच्या पानावरली अक्षरं पुढं येतात. तिकडं मेलेली माणसं इकडच्या लग्नात येऊन बसतात." मग हळू आवाजात म्हणाले, "अन् प्रभूचं बोलणं लाल शाईत. लाल मला दिसतच न्हाई. सगळे बोलतात, तो एकटा गप्प."

देव आपला नसला तरी गप्प बसलेला देव कुणालाच नको असतो.

आधी मी शहाणपणा करून पानांची मोठी झेरॉक्स काढून दिली. अक्षरं मोठी झाली, तशी मागून डोकावणारी अक्षरंही मोठी झाली. काकांनी पान उजेडाला धरलं आणि म्हणाले, "भूत पण वाढवलंत की ताई." मग मी त्यातलं एक शुभवर्तमान, प्रभूच्या चरित्राचा भाग, नव्यानं टाइप करायला घेतलं. ठळक अक्षर, एवढं मोठं की एका पानावर जेमतेम पंधरा ओळी. वचनांचे आकडे ओळीतून काढून समासात. सगळी शाई काळी. चकाकी मारू नये म्हणून मळकट रंगाचा जाड कागद, छपाई एकाच बाजूला. ओळींची टोकंही मी कापून सारखी केली नाहीत, कारण ती सारखी करताना शब्दांमध्ये जे खड्डे पडतात त्यात त्यांचा पाय अडकायचा. वाचायला त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. गास्केटच्या काळ्या शीटचा तुकडा, मधे एका ओळीएवढी खाच. त्याला ते, कंपनीतल्या मापाच्या साधनाला म्हणतात तसं, गेज म्हणायचे. खाच ओळीवर ठेवायची, बाकीचं सगळं झाकून जायचं, आणि नजर थोडी वर ठेवून ते अक्षर अक्षर टिपायचे.

एकाच बाबतीत आमचं भांडण झालं. सगळा मजकूर त्यांना पानाच्या डाव्या निम्म्यात हवा होता. उजवी बाजू पूर्ण कोरी.

"एवढा कागद वाया कशाला घालवायचा काका? एका शुभवर्तमानाची दोन बाडं होतील."

"होऊ द्यात. उजवीकडची जागा सोडा."

मी पुष्कळ डोकं आपटलं. शेवटी सोडली. कारण कळलं ते तीन महिन्यांनी, तेही त्यांना वाटलं म्हणून. घरी दिवेलागणीला ते आणि काकू मिळून शास्त्र वाचायचे. डावा कॉलम काकांचा, उजवा काकूंचा. लग्न झाल्यापासूनची पद्धत. काकू गेल्यावरही काका डावा कॉलम वाचायचे आणि थांबायचे.

"किती वेळ थांबता?" मी विचारलं.

"तिला लागायचा तेवढा. मग तिचा कॉलम मीच वाचतो, काम राहायला नको म्हणून."

मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून बघितलं.

आता जे सांगते ते ऐकून माझी बहीण म्हणाली होती, तू त्या माणसाला दुकानात घेऊच नकोस. काकांना नसलेल्या गोष्टी दिसायच्या. दुपार कलली की ते दाराशी थांबून अंग चोरायचे, आणि कुणाला तरी वाट करून द्यायचे. "फर्स्ट शिफ्ट सुटली," म्हणायचे. निळ्या कपड्यातली माणसं, रांगेनं, चेहरे नसलेली. बोलत नाहीत, धक्का देत नाहीत, फक्त जातात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं की डोळ्यात जिथं काही येत नाही तिथं मेंदू आपल्या पदरचं भरतो, वेडाचा यात काही संबंध नाही. काकांना ते पटलं होतं. पण मंडळीत हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "अर्धे म्हणतील दृष्टांत, अर्धे म्हणतील भूतबाधा. दोन्ही रिपोर्ट चुकीचे," ते म्हणाले.

मी मान डोलवायची. पण ते दारात अंग चोरून उभे राहिले की मीही पाय आत घ्यायची.

नवीन बाडातून त्यांनी मंडळीत पहिल्यांदा वाचलं त्या रविवारी घोळ झाला. सगळं छान वाचून झालं, आणि मग त्याच सुरात ते पुढं एक वाक्य वाचून गेले. "दार लावून घेऊ नको, मी तुझ्या मागोमाग येते आहे." लोक आपापल्या शास्त्रात बोट ठेवून ऐकत असतात. कुणाच्याच पुस्तकात ते वाक्य सापडेना. काकांना ते छापलेलं दिसलं होतं. ओळ जिथं संपत होती तिथून ती पुढं चालूच राहिली होती, कोऱ्या बाजूला.

पाळक, म्हणजे त्यांचा पाद्री, वयानं लहान आणि भला माणूस होता. त्यानं काकांना बाजूला घेऊन सांगितलं की कमिटीत कुजबुज आहे. वाचन तुमच्याकडेच ठेवू, पण शास्त्रात नसलेलं शास्त्र म्हणून वाचलं गेलं तर मला काही करता येणार नाही. आधी कुणाकडून तरी तपासून घेत चला. यावर दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. काकांना हे एकदम रास्त वाटलं. शास्त्रात आपल्या पदरचं घालणं हे त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप, आणि तपासणी हा तर त्यांचा धर्मच.

"पाठ करून म्हणा ना," मी सुचवलं.

"पाठ म्हणणं म्हणजे वाचणं न्हवं. ड्रॉइंग पाठ असलं तरी पार्ट मोजावाच लागतो."

"मग मधे जाड काळी रेघ मारून देते. रेघेपलीकडचं काहीही वाचायचं नाही."

"भिंत नको," ते म्हणाले, आणि एवढ्या पटकन म्हणाले की मी रेघेचा नाद सोडला.

मग तपासणीला त्यांनी मला नेमलं. का, तर मला शास्त्र येत नाही. "मंडळीतला माणूस असायला पाहिजे ते बघंल. तुम्ही हाय ते बघाल."

दर शनिवारी तीनच्या सुमारास काका दोन बस बदलून दिघीहून यायचे. उद्याचा उतारा काढायचे, गेज ठेवायचे, वाचायचे. ओळ पुढं पळाली असं वाटलं की कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारायचे, "हाय का?" मी म्हणायचं, "नाही." किंवा छापलेल्या शब्दावर बोट असलं तर, "आहे." मधेच मुद्दाम खोटं विचारायचे. कंपनीत म्हणे चांगल्या मालात एक खराब पार्ट मुद्दाम सोडतात, गेज जागं आहे का ते बघायला. मी एकदाही फसले नाही, आणि मला त्याचा भलता अभिमान होता.

पण कोऱ्या कागदाकडे बघून "नाही, नाही" म्हणत बसणं सोपं नव्हतं. त्यांचं बोट खाली खाली सरकायचं, ओठ हलायचे. डोळे माझ्या कानामागं. आणि मला वाटायला लागायचं की आपणच आंधळे आहोत. एका शनिवारी त्यांनी कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं, काही विचारलं नाही, आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या प्रिंटरचा प्लग बघा." मी टेबलामागं वाकले. प्लग वितळून बोर्डाला चिकटला होता, भिंत काळी पडली होती. काका म्हणाले, "वास आला आसंल मला." मला तर काहीच वास आला नव्हता. काकू घराबाहेर पडताना सगळी बटणं दोनदा बघायच्या, हे त्यांनीच मागं कधीतरी सांगितलं होतं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

आणि मग तो शनिवार. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. काकूंना जाऊन त्या दिवशी पाच वर्षं होत होती. त्यांची नजरही आता खूप उतरली होती. एका ओळीला चार-चार मिनिटं लागायची. त्यांनी डावीकडचं वाचलं. मग गेज उजवीकडं सरकवलं आणि बराच वेळ वाचत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मग कोऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ताई... हाय का?"

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून तो प्रश्न असा कधी आला नव्हता. मला वाटलं, या माणसाला आज एकदा "आहे" ऐकायचंय. एकदाच. त्यानं कुणाचं काय बिघडतं? माझा स्वभावच असा, कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की माझी अक्कल आधी वाहून जाते.

मी म्हटलं, "आहे."

त्यांचं बोट कागदावरून झटकन उचललं गेलं. पांढऱ्या शर्टातला तो म्हातारा क्षणभर इतका घाबरलेला दिसला की मीही घाबरले.

"वाचा," ते म्हणाले.

मी कागदाकडे बघत राहिले. मळकट, जाड, मीच निवडलेला कागद. वाटलं, काहीतरी रचून सांगावं. पण काय सांगणार?

"वाचा ना ताई. काय लिवलंय?"

"काका, कोरं आहे. चुकले मी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला परवडलं असतं. त्यांनी गेज पिशवीत घातलं, बाड मिटलं आणि उठताना एवढंच म्हणाले, "गेज चुकीचं निघालं की मागचा सगळा माल परत तपासावा लागतो."

दुसऱ्या दिवशी मी न राहवून त्यांच्या मंडळीत गेले. चर्चमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. शेवटच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन बसले. वाचनाची वेळ झाली. काका पुढं गेले, पण बाड उघडलं नाही. म्हणाले, "गेल्या पावसाळ्यापासून मी तुम्हाला जे वाचून दाखवलं ते एका गेजवर तपासलेलं होतं. ते गेज एकदा चुकलं. कधीपासनं चुकत होतं, मला ठाऊक न्हाई. तवा मी वाचलेलं सगळं आपापल्या शास्त्रात परत बघून घ्या." आणि एकेका रविवारचा उतारा ते अध्याय-वचनासकट सांगत गेले. पाळक "काका, राहू द्या हो" म्हणत जागेवरून उठला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. सगळ्या बाकांवर पानं उलटायचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. माझ्या एकटीच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि त्यानंच मला जास्त लागलं. वाचन त्या दिवशी कुठल्याशा मुलीनं केलं.

दोन दिवसांनी काका माझ्याच दुकानात आले. बरोबर शेजारचे घड्याळवाले भाई. भाईंची घड्याळदुरुस्तीची टपरी माझ्या भिंतीला लागून. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेले, आणि डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस.

"तुमच्याकडं उजेड चांगला हाय," काका माझ्या कानाला म्हणाले. "पूर्ण लॉट परत तपासायचाय. तुमची हरकत न्हाई ना?"

माझी खुर्ची भाईंना दिली. त्यांनी आधी गल्लीतल्या नळावर हात धुतले, खिशातली टोपी काढून डोक्याला घातली आणि मग बाडाला हात लावला. पहिल्या पानापासून सुरुवात झाली. मी चहा करायचा आणि ऐकायचं. "हाय का?" "नाही काका." "हाय का?" "नाही." पंधरा दिवस रोज दुपारी हेच चाललं. भाई ना चढ्या आवाजात बोलायचे ना दयेनं. बंद घड्याळाला बंद म्हणतात तसं "नाही" म्हणायचे. आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक "नाही"ला काकांचा चेहरा सैल पडतोय. मी म्हणायची तेव्हाही पडत असणार. मी कागदाकडे बघत असायचे, चेहऱ्याकडे नाही.

शेवटी भाईंनीच विचारलं. "काका, एक बोलू? मी नाही म्हटलं की तुम्ही खूश होता. माणसाला तर वाटतं, दिसतंय ते खरं निघावं."

काकांनी गेज बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "छापलेलं आसंल तर ते शास्त्र. म्हंजे सगळ्यांचं. मला ते मंडळीपुढं उभं राहून वाचलं पाहिजे, कमिटीनं तपासलं पाहिजे. अन् छापलेलं न्हाई म्हटल्यावर मग ते तिनं मला एकट्याला सांगितलंय. एवढंच मला पक्कं करून पाहिजे असतंय भाई. दुसरं काय न्हाई."

मी स्टोव्हशी पाठमोरी उभी होते ते बरं झालं. एवढे महिने मी समजत होते की मी त्या माणसाला दर शनिवारी नकार देते आहे. आणि दिलं काय होतं, तर त्याची बायको. आणि ज्या दिवशी दया करायला गेले त्याच दिवशी ती काढून घेतली.

आणि मग ते पान आलं. मला लगेच ओळखू आलं. काकांनी डावीकडच्या ओळी वाचल्या, भाईंनी एकेक जुळवली. काकांनी गेज उजवीकडं नेलं.

"हाय का?"

भाईंनी या खेपेला खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. पानावर इतके वाकले की टोपी कागदाला टेकली. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, पट्टी पट्टीनं, त्यांनी सगळी कोरी बाजू बघून काढली. मी हातातला गाळणीचा दांडा घट्ट धरून उभी. आयुष्यात कुठल्या उत्तरासाठी मी एवढा देव आठवला नसेल.

"नाही काका," भाई म्हणाले. "एक टिंबसुद्धा नाही."

"नक्की?"

"अल्लाशपथ."

काकांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, "तुम्ही दोघं जरा चहा घ्या." आम्ही कप घेऊन दाराशी जाऊन उभे राहिलो. बाहेर बाजार भरला होता, हातगाडीवाले ओरडत होते. मागं वळून बघितलं तर काकांनी गेज त्या कोऱ्या बाजूच्या अगदी वर ठेवलं होतं आणि एकेक ओळ खाली सरकवत ते वाचत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधेच कुठल्यातरी ओळीवर थांबून ते मोठ्यानं हसले, चांगले खदखदून.

भाई म्हणाले, "काय झालं काका? आम्हालाही सांगा."

"न्हाई," काका वर न बघता म्हणाले. "तुमच्यासाठी न्हाई ते."